बार्शीचा रांजण, हवानाचा डास

कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून तुम्ही छोट्या गाडीत बसता. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट, डबे बुटके, पुढे वाफेचं इंजिन. या मुलखात तिला सगळे ‘बार्शी लाईट’ म्हणतात. साल आहे १९७३. खिडकीतून दुष्काळी कामांवर फोडलेल्या खडीचे ढीग दिसतात, ओढ्यांत नुसती वाळू दिसते. समोरच्या बाकावर बार्शीच्या बाजारातले एक अडते बसले आहेत. तुमच्या मांडीवरच्या लाकडी पेटीकडे त्यांचं लक्ष आहे.

“पुन्याचं डॉक्टर का?”

“डॉक्टर नाही, काका. डास पकडायला आलोय.”

“डास कशाला धरताय? मानसं धरलीत तापानं. आमच्या वाड्यात सात जण, त्यातली चार हातरुनात. ताप दोन-चार दिवसांत उतरतोय वो, पन सांधं सुटत न्हाईत. धाकला भाऊ तीस वर्साचा गडी, भित धरून चालतोय.”

सात माणसांत चार, आणि तीही जवळजवळ एकाच वेळी. हे वहीत लिहून ठेवा.

तुम्ही पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या पथकासोबत आहात. पुढे १९७८ साली याच संस्थेचं नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था होईल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ साली हे केंद्र मिळून उभारलं. रॉकफेलरची माणसं त्याआधी कित्येक वर्षं आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत एका रोगाच्या मागे लागली होती. तो रोग म्हणजे पीतज्वर. केंद्राचे पहिले संचालक जे. ऑस्टिन कर हे त्याच मोहिमेत मुरलेले. म्हणजे पुण्यातलं डासांचं शास्त्र पीतज्वराच्या शाळेत शिकून आलं आहे, आणि तुमच्या पेटीतली हत्यारंही तिथलीच: काचेच्या नळ्या, तोंडाने ओढायची रबरी चोषक नळी, कापूस, बॅटरी, ड्रॉपर, पांढरी एनॅमलची वाटी आणि भिंग.

या प्रवासाला एकच अट आहे. तुम्ही पन्नास वर्षांनंतरच्या काळातून आला आहात, त्यामुळे या साथीचं नाव तुम्हाला ठाऊक आहे: चिकुनगुनिया. पण ते इथे बोलायचं नाही. इथे ते डासापासून सुरुवात करून पायरी पायरीने सिद्ध व्हायला हवं. बार्शीतल्या माणसांना हा ताप नवा आहे. डॉक्टरांपुढे हिवताप आहे, डेंगी आहे, आणि कलकत्त्यात १९६३ साली, मद्रासेत १९६४ साली आणि नागपुरात १९६५ साली दिसलेला तो सांध्यांचा आजारही आहे. रोग कोणताही असो, उपाय ठरणार तो डासावर. म्हणून आधी डास.

स्टेशनातून बाहेर पडलात की लोक तुम्हाला थेट गटाराकडे नेतात. हे अगदी स्वाभाविक आहे. घाण दिसते, वास येतो, संध्याकाळी त्यावर डासांचे थवे उठतात. गल्लीतला एक तरुण नाकाला रुमाल लावून बोट दाखवतो, “ह्यातनं येतोय बगा सगळा रोग. नगरपालिकेला सांगा तुमी.” तुम्ही वाकता, वाटीत पाणी घेता. अळ्या भरपूर आहेत. त्यांच्या शेपटाकडची श्वासनळी लांब आणि सडपातळ आहे आणि पाण्याच्या पृष्ठभागाला नळी टेकवून त्या तिरक्या लटकल्या आहेत. शेजारच्या भिंतीवरून पकडलेला मोठा डास मातकट तपकिरी आहे, पायांवर कुठे पट्टा नाही, पाठीवर नक्षी नाही. हा क्युलेक्स. रात्री चावतो आणि सोलापूर भागात हत्तीरोगाशी त्याचं नाव जोडलेलं आहे. या तापाशी त्याचा संबंध लावता येत नाही. गटार साफ व्हायलाच हवं, पण ते साफ करून ही साथ थांबणार नाही. हे त्या तरुणाला पटवणं हेच तुमच्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम.

“मग कुठं हाय तुमचा डास?”

“तुमच्या घरात असेल. प्यायच्या पाण्यात.”

तो रागावतो. रागावणारच. आईने घासूनपुसून भरलेल्या रांजणावर कुणी परक्याने बोट ठेवलेलं कुणाला आवडेल?

माळवदाचं घर. दाराच्या चौकटीशेजारी मलेरियावाल्यांनी फवारणीची तारीख खडूने लिहून ठेवली आहे. आत अंधार आणि गारवा. सोप्यात बाजेवर एक म्हातारी बसली आहे, दोन्ही मनगटं सुजलेली. हंडा उचलता येत नाही म्हणून शेजारची सून येऊन पाणी भरून जाते, असं ती सांगते. पाणी रोज मिळत नाही. मिळतं तेव्हा घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायचं: रांजण, टिपाड, घंगाळ, न्हाणीतला हौद, परड्यातली गुरांची दगडी डोण.

“आजी, रांजण बघू का?”

“बग की लेकरा. पन पानी सांडू नगं हां. परवाचं हाय, आनी कवा मिळंल ठावं न्हाई.”

झाकण म्हणून वर एक फळकूट ठेवलंय, त्याला फट आहे. तुम्ही बॅटरी लावता आणि पटकन बघता. पटकन बघायचं, कारण उजेड पडताच अळ्या नागमोडी वळत तळाला जातात आणि घाईत आलेल्या माणसाला पाणी स्वच्छ दिसतं. साथीच्या काळात झालेल्या कित्येक पाहण्या याच एका क्षणात फसल्या असतील. तुम्ही बॅटरी विझवता, थांबता आणि पुन्हा बघता. आता त्या वर आल्या आहेत, जवळपास उभ्या लटकल्यासारख्या, श्वासनळी आखूड आणि जाड. ड्रॉपरने आठ-दहा उचलून नळीत घ्या. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, रांजणाच्या ओलसर भिंतीला बोट लावून पाहा. बारीक, काळी, सुटी सुटी अंडी चिकटलेली आहेत. ती पाण्यात पडलेली नाहीत. मादी ती मुद्दाम ओल्या कडेवर घालते, पाणी वर चढलं की ती फुटावीत म्हणून. पाणी आटलं तर ही अंडी कोरडी राहूनही महिनोन्महिने जिवंत राहतात. दुष्काळ तिला मारत नाही. उलट दुष्काळात माणूस पाणी साठवून ठेवतो आणि तिची सोय होते. बार्शीला पाऊस पडो न पडो, रांजण भरलेलाच असतो.

आता मोठा डास हवा. तो भिंतीच्या उघड्या भागावर क्वचित सापडतो. खुंटीवर काळं घोंगडं टांगलंय, त्याच्या घडीत बघा. बाजेखाली बघा. सकाळचे नऊ वाजलेत, म्हणजे ती चावायला बाहेर पडण्याची हीच वेळ. दुसरी वेळ दिवस कलताना. घोंगड्याच्या कडेला एक मादी बसली आहे. चोषक नळी हळूच तिच्यावर धरा, श्वास आत ओढा. नळीत एक काळा ठिपका, आणि त्यावर पांढरं काहीतरी चमकतंय. कापसाचा बोळा लावा.

शाळेच्या एका रिकाम्या खोलीत पथकाने टेबलं मांडली आहेत. डास थंडाव्याने सुस्त करून भिंगाखाली ठेवला आहे. पुढचं काम मला या सगळ्या प्रवासातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं. एवढ्याशा जिवाकडे शंका धरून नीट पाहायचं.

मिशा आधी पाहा. दाट झुपकेदार असत्या तर तो नर असता. नर चावत नाही. या मिशांना तुरळक केस आहेत, म्हणजे मादी. पंखांवर काळे-पांढरे डाग नाहीत आणि ती भिंतीवर डोकं खाली घालून तिरकी बसली नव्हती, म्हणून ॲनाफिलीस नाही. हिवतापाचा संशय एका ओळीत बाजूला पडला. पायांच्या पेरांवर पांढरी कडी आहेत आणि अंग काळं, म्हणून क्युलेक्सही नाही. एडिस, इतकं नक्की.

पण एडिसमध्येही घाई करायची नाही. पाठीवर, मधोमध, एकच पांढरा सरळ पट्टा असता तर ती एडिस अल्बोपिक्टस ठरली असती. तिचं राहणं बहुधा झाडोऱ्यात, घराबाहेर. पाठीवर छोट्या पांढऱ्या ठिपक्यांच्या तीन जोड्या असत्या तर एडिस व्हिटाटस. ती दख्खनच्या खडकांतल्या खळग्यांत वाढते आणि परड्यातल्या त्या दगडी डोणीत तुम्हाला तिच्या अळ्या मिळाल्या तर नवल नाही. सुदानच्या नुबा डोंगरात १९४० साली पीतज्वराची मोठी साथ आली तेव्हा तिच्यावरही संशय गेला होता. आता तुमच्या भिंगाखालची पाठ पाहा. दोन्ही बाजूंना विळ्याच्या पात्यासारखे वाकलेले दोन रुपेरी पट्टे, आणि त्यांच्या मधे दोन बारीक समांतर रेषा. खात्रीसाठी रांजणातल्या अळीचा आठवा खंड सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. तिथे काट्यांची एकच ओळ आहे, आणि प्रत्येक काट्याला मधल्या लांब टोकाच्या दोन्ही बाजूंना स्पष्ट दात आहेत. अल्बोपिक्टसच्या काट्याला असे बाजूचे दात नसतात.

एडिस एजिप्ती. जगभर तिला पीतज्वराचा डास म्हणूनच ओळखतात.

या ठिकाणी तुम्हाला बार्शी सोडावी लागेल, कारण ही पाठ पहिल्यांदा जिथे गुन्हेगार म्हणून ओळखली गेली ती जागा पाहिल्याशिवाय तुमच्या नळीतल्या जिवाचं वजन कळणार नाही.

हवाना, क्यूबा, १९००. रुग्णालयातल्या खाटांवर माणसं पिवळी पडली आहेत, काहींना काळी उलटी होते आहे. सगळ्यांची खात्री आहे की रोग्याचे कपडे, अंथरूण, घाण यांतून हा रोग पसरतो. डोळ्याला दिसते ती घाणच दोषी, हा न्याय बार्शीच्या गटारापाशी तुम्ही ऐकला तोच. एका माणसाला मात्र हे मान्य नाही. कार्लोस फिनले. त्याने १८८१ सालीच हवानाच्या विज्ञान अकादमीपुढे सांगितलंय की हा रोग एका विशिष्ट घरगुती डासाने पसरतो, आणि तो डास कोणता तेही नेमकं दाखवलंय. वीस वर्षं त्याचं कुणी ऐकलेलं नाही.

आता अमेरिकी लष्कराचा आयोग आला आहे: वॉल्टर रीड, जेम्स कॅरोल, जेसी लझीर, अरिस्तिदेस अग्रामोंते. फिनले आपल्याकडची डासांची अंडी त्यांच्या स्वाधीन करतो. लझीर ती उबवतो आणि डास वाढवतो. नमुने ओळखीसाठी वॉशिंग्टनला लीलंड हॉवर्ड या कीटकशास्त्रज्ञाकडे जातात आणि उत्तर येतं: क्युलेक्स फॅसिएटस. तेव्हाचं नाव ते. पुढे शास्त्रज्ञ ते बदलत बदलत एडिस एजिप्तीपर्यंत आणतील, पण पाठीवरची नक्षी तीच राहील. २५ सप्टेंबरला लझीर पीतज्वराने मरतो. त्याचं वय अवघं ३४.

फिनलेचे प्रयोग का फसत होते, याचा उलगडा एका दुसऱ्या डॉक्टरच्या वहीतून होतो. हेन्री कार्टर याने १८९८ साली मिसिसिपीतल्या शेतघरांची नोंद ठेवली होती. पहिला रोगी पडल्यावर त्या घरात पुढचे रोगी दोन-तीन आठवड्यांनी पडत होते. म्हणजे रोग्याला चावलेली मादी लगेच धोकादायक होत नाही. विष तिच्या अंगात पिकायला वेळ लागतो. फिनले काही दिवसांतच ती मादी दुसऱ्याला चावू देत होता. रीडच्या माणसांनी बारा दिवस थांबायचं ठरवलं, आणि रोग लागू लागला.

लझीरच्या नावाच्या छावणीत दोन लाकडी खोल्या उभ्या आहेत. पहिल्या खोलीत पाहा. तिथे स्वयंसेवक रोग्यांच्या उलटीने, विष्ठेने माखलेल्या अंथरुणांवर वीस रात्री झोपले आहेत, एकालाही ताप नाही. दुसऱ्या खोलीत सगळं स्वच्छ आहे. मधे तारेची जाळी, जाळीच्या एका बाजूला पंधरा डास सोडलेले. त्या बाजूला जाऊन पडलेला जॉन मोरन नाताळच्या दिवशी तापाने फणफणतो. जाळीच्या दुसऱ्या बाजूची माणसं ठणठणीत आहेत. घाणीत बसलेले वाचले आणि स्वच्छ खोलीतला पडला. वैद्यकाच्या इतिहासात इतका स्पष्ट निकाल क्वचितच लागला असेल. आणि तो लागू शकला, कारण जाळीच्या आत नेमका कोणता डास सोडायचा हे आधी ठरलेलं होतं.

पुढच्याच वर्षी विल्यम गॉर्गस हवानात घरोघरी तपासनीस पाठवतो. ते पाण्याची भांडी शोधतात, पिंपांवर झाकणं बसवतात, साचलेल्या पाण्यावर तेल ओततात, अळ्या सापडल्या तर दंड करतात. वर्ष संपायच्या आत हवाना पीतज्वरातून मोकळी होते. त्यावेळी विषाणू कुणी पाहिलेलाही नव्हता. तो १९२७ साली पश्चिम आफ्रिकेत वेगळा काढला गेला, तोही भारतातल्या लाल तोंडाच्या माकडांच्या आधाराने, कारण आफ्रिकेतल्या माकडांना हा रोग फारसा बाधत नाही. लस यायला आणखी दहा वर्षं गेली. डास ओळखला होता, एवढ्या बळावर एक शहर त्याआधीच वाचलं होतं.

परत बार्शीला या. वाटेत फक्त क्षणभर १९५७ मध्ये, शिमोग्याच्या क्यासनूर जंगलाच्या कडेला थांबा. माकडं मरून पडत आहेत आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने जात आहेत. दक्षिण अमेरिकेत जंगली पीतज्वर नेमका असाच जाहीर होतो, म्हणून पुण्याहून आलेल्या शास्त्रज्ञांच्या मनात पहिला धसका तोच: पीतज्वर भारतात शिरला की काय? तपासात विषाणू दुसराच निघाला, आणि तो पसरवणारा जीव डास नव्हता. गोचीड होती. त्या रोगाला आज आपण क्यासनूर जंगलाचा आजार म्हणतो. तिथेही आधी वाहक ओळखावा लागला आणि मगच पुढचं ठरवता आलं.

बार्शीच्या शाळेतल्या खोलीत आता काम वेगात चाललंय. पकडलेल्या माद्या जातीनुसार वेगळ्या करून छोट्या कुप्यांत भरल्या जातात. एका कुपीत एकच जात, यात तडजोड नाही. अशी कुपी बर्फात पुण्याला जाते, तिथे डास वाटून तो अर्क नवजात पांढऱ्या उंदरांना टोचतात आणि पिल्लं आजारी पडतात का ते बघतात. कुपीत एक क्युलेक्स चुकून गेला तर निघालेला विषाणू कुणाचा, हे सांगता येणार नाही. म्हणून भिंगावर बसलेल्या तंत्रज्ञाशी कुणी बोलत नाही. त्याच्या शेजारी बाटल्यांच्या तोंडाला मलमल बांधून अळ्या वाढवायला ठेवल्या आहेत. उष्ण हवेत आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात आणि ओळख दुसऱ्यांदा पडताळता येते. रोग्यांचं रक्त दोनदा घेतलं जातं, एकदा ताप असताना आणि पुन्हा काही आठवड्यांनी.

दरम्यान तुम्ही घरोघर फिरा. किती घरं पाहिली, किती घरांत अळ्या, किती भांड्यांत अळ्या, हे मोजा. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, या आकड्याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात, आणि तोही पश्चिम आफ्रिकेत पीतज्वराच्या पाठलागात जन्मला. आज सोलापूर महापालिकेचा कर्मचारी डेंगीसाठी तुमच्या घरी येऊन जो आकडा लिहून नेतो, त्याचं मूळ हे आहे.

आता त्या अडत्यांच्या घरातले सात पैकी चार आठवा. एजिप्तीची मादी बिथरते फार. एका माणसाला जरा चावली, त्याने हात हलवला की उडते आणि दुसऱ्यावर बसते. पोट भरेपर्यंत ती घरातल्या दोघा-तिघांना चावून होते. ती फार लांब जातही नाही, बहुधा शे-दोनशे मीटरच्या आतच तिचं आयुष्य सरतं. म्हणून हा ताप एकेक घर धरून चालतो. आणि ती दिवसा चावते, म्हणून रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. आजींना तुम्ही सांगा की ताप असलेल्या माणसाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. नाहीतर त्याच्यापासून घेतलेला विषाणू ती शेजारच्या सुनेपर्यंत नेईल.

व्ही. एस. पदबिद्री आणि टी. टी. ज्ञानेश्वर यांनी बार्शीच्या या साथीचा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध केला. तिथली आजारी पडलेल्यांची टक्केवारी ३७.५ अशी नोंदली गेली. शंभरातली साडेसदतीस माणसं. मरण फारसं नाही, पण ज्या गावाची रोजी हातापायांवर चालते, हमालीवर, गिरणीवर, शेतावर, तिथे तिसऱ्या हिश्शाहून अधिक माणसांचे सांधे एकदम आखडले तर काय होतं, याचा हिशेब कुठल्या आकड्यात मावत नाही.

बार्शीनंतर हा विषाणू भारतातून दिसेनासा झाला. तब्बल ३२ वर्षं त्याची मोठी साथ आली नाही. कीटकांवर काम करणारी माणसं कमी झाली, हा विषय अनेकांना संपल्यासारखा वाटू लागला. मला या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा मुक्काम इथे वाटतो, म्हणून तुम्हाला २००० सालात, पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या यवतमध्ये उतरवतो. साथ नाही, ओरड नाही. तरी पुण्याच्या संस्थेची माणसं इथे एडिस एजिप्ती पकडत आहेत, ओळखून कुप्यांत भरत आहेत. त्या कुप्यांमधल्या डासांतून चिकुनगुनियाचा विषाणू निघाला. पुढे त्याची जनुकरचना वाचली तेव्हा कळलं की तो बार्शीचा १९७३ चा आशियाई वाण नव्हता. तो आफ्रिकेतला वाण होता. २००५ साली साथ उसळली आणि २००६ मध्ये देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले तेव्हा सापडला तो हाच आफ्रिकी वाण. म्हणजे तो पाहुणा पाच वर्षं आधीच आपल्या रस्त्यावर होता, आणि त्याची खबर कुठल्याही दवाखान्याआधी यवतच्या डासांनी दिली होती. बार्शीचा विषाणू पुण्यात जपून ठेवलेला होता म्हणून ही तुलना तरी करता आली.

आता आजच्या सोलापुरात या. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं. घरोघर निळी प्लास्टिकची पिंपं, सिमेंटच्या टाक्या, गच्चीवर टायर, कूलर. रांजण गेला आणि पिंप आलं, मादीला फरक पडलेला नाही. पीतज्वर भारतात आजवर आलेला नाही. तो का आला नाही, यावर शास्त्रज्ञांत मतं आहेत. कुणी म्हणतं डेंगीमुळे अंगात तयार झालेली प्रतिकारशक्ती थोडी आड येते, कुणी म्हणतं इथली एजिप्ती त्या विषाणूला कमी साथ देते, कुणी म्हणतं आपलं नशीब. पण २०१६ साली अंगोलात साथ असताना तिथून परतलेल्या ११ चिनी कामगारांत पीतज्वर निघाला, आणि आशियात तो पहिल्यांदाच पोचला. असा धोका असतो म्हणूनच आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या बाधित देशातून येणाऱ्याकडे मुंबईच्या विमानतळावर लसीचा दाखला मागतात, आणि तो नसेल तर सहा दिवस वेगळं ठेवतात. त्या दारात विषाणूला अडवता येतं. डास आधीच आत आहे, तुमच्या आमच्या न्हाणीत.

जिल्ह्यात आजही कीटक समाहारक नावाचं पद आहे. चोषक नळी आणि बॅटरी घेऊन फिरणारा, बार्शीच्या त्या तंत्रज्ञाचाच वारसदार. ही पदं भरलेली राहिली पाहिजेत, त्यांना भिंग आणि प्रशिक्षण मिळालं पाहिजे, आणि साथ नसतानाही त्यांचं काम चालू राहिलं पाहिजे. साथ आल्यावर धूर सोडत गाडी फिरवण्यापेक्षा या कामाचा उपयोग कितीतरी अधिक आहे. धुराने उडणारे डास मरतात, पिंपाच्या कडेला चिकटलेली अंडी नाही.

तो माणूस दारात आला तर त्याला आत येऊ द्या, पिंपाचं झाकण स्वतः काढून दाखवा. दर आठवड्याला एक दिवस ठरवून पिंप रिकामं करा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. आतली कड काथ्याने घासा, उन्हात वाळवा आणि मग भरून घट्ट झाका.